डाग, गाठी आणि वाकणारा कणा: न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये पाठीकडे लवकर का बघायचं

मूल वाकडं बसलेलं दिसलं की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पोक काढू नकोस, ताठ बस." बहुतेक मुलांच्या बाबतीत तेवढ्यावर भागतं. पण ज्या मुलाच्या अंगावर लहानपणापासून फिकट तपकिरी डाग आहेत, चांगले सहा-सात किंवा त्याहून जास्त, त्याला ताठ बसायला सांगून गप्प बसू नये. त्याचा सदरा काढून, उजेडात उभं करून पाठ बघावी. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ या आनुवंशिक आजारात कणा वाकण्याचं प्रमाण बरंच आहे. त्यातल्या काही मुलांचा बाक इतक्या वेगाने वाढतो की "पुढच्या सुट्टीत दाखवू" म्हणणंही महागात पडतं.

या आजाराला डॉक्टर थोडक्यात एनएफ-१ म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. साधारण तीन हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. महाराष्ट्राची लोकसंख्या बारा कोटींच्या वर धरली तर हिशेबाने राज्यात चाळीस हजारांच्या आसपास माणसं या आजाराची असायला हवीत. तरी आजाराचं नाव माहीत असलेली घरं फार थोडी. डाग म्हणजे जन्मखूण, ग्रहणात आईने काहीतरी चिरलं म्हणून उमटलेली, असं कुणीतरी सांगतं आणि विषय संपतो.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये या आजाराच्या गाठी मुळात नसांमधून उगवतात हे दाखवलं. त्यामागचं जनुक सापडायला १९९० साल उजाडलं. ते १७व्या गुणसूत्रावर असतं आणि न्यूरोफायब्रोमिन नावाचं प्रथिन बनवतं. पेशींना वाढीचा जो इशारा मिळतो तो वेळेवर थांबवणं हे या प्रथिनाचं एक मोठं काम. जनुकात बिघाड झाला की हा आवर सुटतो. मग नसांवर गाठी येतात, त्वचेवर डाग उमटतात, आणि हाडांची घडणही बिघडते. हे शेवटचं लोकांच्या लक्षात येत नाही. गाठींचा आजार म्हणजे फक्त गाठीच, अशी समजूत असते. खरं तर हाडं बनवणाऱ्या आणि झिजवणाऱ्या पेशींनाही हेच प्रथिन लागतं, त्यामुळे एकही गाठ जवळपास नसताना मणका कच्चा राहू शकतो.

आई किंवा वडिलांपैकी एकाला एनएफ-१ असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. पण जवळपास निम्म्या रुग्णांच्या घरात आधी कुणालाच आजार नसतो. त्यांच्यात जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. त्यामुळे "आमच्या घराण्यात असलं काही नाही" हे वाक्य निदान नाकारायला पुरेसं नाही, आणि सुनेच्या माहेराकडे बोट दाखवायला तर मुळीच नाही. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची: एकाच घरात एकाच जनुकदोषाचं रूप वेगवेगळं दिसतं. वडिलांच्या अंगावर नुसते डाग आणि दोन-चार मऊ गाठी असतील, आणि मुलीचा कणा सहाव्या वर्षी वाकायला लागेल. वडिलांना काही झालं नाही, म्हणून तिलाही होणार नाही, असं धरून चालता येत नाही.

निदानाची प्राथमिक खूण सोपी आहे. वयात येण्याआधी ५ मिलिमीटरहून मोठे, वयात आल्यावर १५ मिलिमीटरहून मोठे, असे किमान सहा डाग. काखेत आणि जांघेत, जिथे ऊन पोचत नाही तिथे, बारीक ठिपके. डोळ्यांच्या डॉक्टरांना बुबुळावर दिसणारे सूक्ष्म उंचवटे. त्वचेवरच्या मऊ गाठी बहुधा वयात आल्यावर येतात, म्हणून पाच-सात वर्षांच्या मुलाच्या अंगावर एकही गाठ नाही याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. आणि कण्याचा सगळ्यात धोक्याचा काळ नेमका याच वयात असतो.

दोन जातींचा बाक

कणा एका बाजूला वाकला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि पुढे झुकून कुबड आलं की कायफोसिस. एनएफ-१ असलेल्या शंभर जणांपैकी साधारण दहा ते तीस जणांना स्कोलिओसिस होतो. आकडा अभ्यासागणिक बदलतो, कारण मोठ्या इस्पितळांत मुळात गंभीर रुग्ण जास्त येतात. पण शंभरात किती, हा प्रश्न पालकांसाठी दुय्यम आहे. आपल्या मुलाचा बाक कोणत्या जातीचा आहे, हा खरा प्रश्न.

पहिली जात नॉन-डिस्ट्रॉफिक. हा बाक एरवी निरोगी किशोरवयीन मुलींमध्ये दिसतो तसाच: लांब, हळूहळू वळणारा, आठ-दहा मणक्यांवर पसरलेला. तो बहुधा वयात येताना दिसतो, सावकाश वाढतो आणि त्याचे उपचारही नेहमीच्या स्कोलिओसिससारखेच असतात.

दुसरी जात डिस्ट्रॉफिक. इथे मणक्यांची हाडंच बिघडलेली असतात. बाक आखूड आणि तीव्र असतो, चार ते सहा मणक्यांतच कणा झटकन मुरडतो. बहुतेक वेळा तो छातीच्या भागात असतो आणि बाजूला वळता वळता पुढेही झुकतो. तो लहान वयात सुरू होतो, कधी शाळेत जायच्याही आधी. आणि तो थांबत नाही. उंची वाढायची थांबल्यावर साध्या बाकाचा वेग मंदावतो, डिस्ट्रॉफिक बाक मात्र मोठेपणीही पुढे सरकत राहू शकतो.

या दोन जाती कायम वेगळ्या राहत नाहीत, आणि या विषयातली सगळ्यात काळजीची बाब मला हीच वाटते. आज साधा दिसणारा बाक काही वर्षांत डिस्ट्रॉफिक होऊ शकतो. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे अस्थिशल्यविशारद ॲल्विन क्रॉफर्ड यांनी आयुष्याचा मोठा भाग या रुग्णांवर घालवला. त्यांचा सहभाग असलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांचा बाक वयाच्या सातव्या वर्षाआधी लक्षात आला, अशा मुलांपैकी सुमारे ८० टक्के मुलांच्या मणक्यांत पुढे डिस्ट्रॉफिक बदल आले. सातव्या वर्षानंतर बाक दिसलेल्यांत हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणून पाच वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेवर कुणी "किरकोळ आहे, काळजी नको" असं लिहून दिलं असेल तर तो शेरा त्या दिवसापुरता धरावा. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायला हवा.

हाड आतून कसं पोखरलं जातं

डिस्ट्रॉफिक बाकात तीन गोष्टी एकमेकींना हात देतात. एक, हाड मुळातच कमकुवत. एनएफ-१ मध्ये हाडांची घनता सरासरीपेक्षा कमी आढळते आणि ड जीवनसत्त्वही अनेकदा कमी असतं. दोन, मणक्याच्या आसपास नसेवर वाढलेली गाठ, जी हाडाला दाबते किंवा मणक्यांमधल्या भोकातून आत शिरते. तीन, ड्यूरा, म्हणजे मज्जारज्जूभोवतीची पिशवी, फुगणं.

ही तिसरी गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे. मज्जारज्जू एका आवरणात असतो आणि त्याच्याभोवती पाणी असतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्या पाण्याला हलकी लाट येते. एनएफ-१ मध्ये हे आवरण सैल पडून रुंदावतं, आणि ही लाट वर्षानुवर्षं मणक्याच्या मागच्या भागावर आपटत राहते. जुन्या विहिरीच्या काठच्या दगडाला दोर घासून घासून खाच पडते, तसं मणक्याचं हाड आतून खोलगट होत जातं. कधी आवरणाचा फुगा मणक्यांमधल्या भोकातून बाहेर छातीच्या पोकळीत येतो. दुखत काहीच नाही. मूल खेळतं, पळतं, शाळेत जातं, आणि आत मणक्याची भिंत पातळ होत असते. बाक फार वाढल्यावर किंवा मज्जारज्जूवर दाब आल्यावर पहिली तक्रार येते.

एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांना याच्या खुणा दिसतात. मणक्याचा मागचा काठ सरळ असायचा तिथे वाटीसारखा खोल गेलेला. नस बाहेर पडण्याचं भोक शेजारच्या भोकांपेक्षा मोठं. मणक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे जे हाडाचे दांडे असतात ते बारीक, टोकदार. मणका एका बाजूने दबून पाचरीसारखा झालेला. आणि बरगड्या. छातीचा फोटो घेऊन वरून दुसरी बरगडी शोधायची, तिचा सगळ्यात अरुंद भाग बघायचा. खालची एखादी बरगडी त्याहूनही बारीक असेल तर तिला पेन्सिल झालेली बरगडी म्हणतात. अशा तीन किंवा अधिक बरगड्या असतील तर तो बाक वाढण्याचा धोका मोठा. हे बघायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. साधा एक्स-रे आणि काय शोधायचं हे माहीत असलेली नजर पुरते. म्हणून फोटो काढताना कागदावर "स्कोलिओसिस" एवढंच न लिहिता "एनएफ-१ आहे" हेही लिहून द्यायला डॉक्टरांना आवर्जून सांगावं. रेडिओलॉजिस्टला ते ठाऊक असलं की तो बरगड्या आणि भोकं मुद्दाम तपासतो.

बाक किती, हे अंशांत मोजतात. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे सगळ्यात कललेले मणके निवडून त्यांच्या रेषांमधला कोन काढायचा. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही चालते, म्हणून त्याला कॉब अँगल म्हणतात. १० अंशांच्या पुढे गेला की स्कोलिओसिस. मोजणीत चार-पाच अंशांचा फरक माणसागणिक पडू शकतो, त्यामुळे २२ चे २४ झाले म्हणून रात्रीची झोप घालवू नये. पण सहा महिन्यांत २२ चे ३२ झाले असतील तर तातडीने हालचाल करावी. यासाठी जुन्या फिल्म जपून ठेवणं अतिशय गरजेचं आहे. रिपोर्टचा कागद वेगळा, फिल्म वेगळी. डॉक्टरांना दोन्ही लागतात, त्यातही फिल्म जास्त.

घरी पाठ कशी बघायची

लंडनचे विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये वर्णन केलेली एक साधी चाचणी आजही जगभर वापरतात. मुलाला फक्त चड्डीवर उभं करा. पाय जुळवलेले, गुडघे सरळ. दोन्ही तळवे एकमेकांना जोडून, पायाच्या बोटांना हात लावायला वाकतात तसं हळूहळू पुढे वाकायला सांगा. तुम्ही मागे बसा, तुमचे डोळे त्याच्या पाठीच्या पातळीला यायला हवेत. पाठ आडवी झाली की कण्याच्या दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या दिसतात का ते बघा. एक बाजू उंच उचललेली दिसली, फासळ्यांचा उंचवटा एकीकडेच आला, तर आत मणके फिरलेले आहेत. मग बाजूला येऊन बघा: पाठीची कमान गोल आहे, की एखाद्या ठिकाणी टोक काढल्यासारखा कोन आहे? शेवटी मूल सरळ उभं असताना खांदे, खवाटे आणि कमरेजवळ हात व अंग यांच्यातली फट दोन्हीकडे सारखी आहे का, तेही बघून घ्या. फोनवर त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढून ठेवले तर पुढच्या वेळी तुलना करता येते.

मुली दहा-बाराव्या वर्षी आईसमोरही कपडे काढायला लाजतात, आणि त्याच काळात उंची भराभर वाढते. कितीतरी बाक या दोन गोष्टींच्या मध्ये लपतात. आईने, मावशीने किंवा मोठ्या बहिणीने विश्वासात घेऊन, दार लावून, दोन मिनिटं हे करावं. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही डाग दाखवून "पाठ बघा" असं सांगता येतं.

घरची ही चाचणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. एनएफ-१ असलेल्या प्रत्येक मुलाची पाठ वर्षातून एकदा डॉक्टरांनी कपडे काढून तपासायलाच हवी, कुणाची काही तक्रार नसली तरी. शंका आली की उभ्याने काढलेला पूर्ण कण्याचा एक्स-रे, आणि डिस्ट्रॉफिक खुणा दिसल्या की पूर्ण कण्याचा एमआरआय.

मान विसरू नये. मानेचे मणके पुढे झुकण्याचा प्रकार एनएफ-१ मध्ये होतो आणि तो बऱ्याचदा कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण सगळ्यांची नजर छातीतल्या बाकावर असते. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायला मान मागे वाकवावी लागते. मानेचे मणके डळमळीत असतील तर तेवढ्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियेआधी, ती टॉन्सिलची का असेना, भूलतज्ज्ञांना एनएफ-१ असल्याचं सांगायचं. हाच मुद्दा बाळंतपणातही येतो. सिझेरियनसाठी कमरेत भुलीचं इंजेक्शन देतात. तिथे फुगलेली ड्यूरा किंवा गाठ असेल तर ते धोक्याचं ठरू शकतं. एनएफ-१ असलेल्या स्त्रीने गरोदरपणातच, प्रसूतीच्या बऱ्याच आधी, भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्यावी.

पट्टा, सळ्या आणि वेळेचं गणित

साध्या, नॉन-डिस्ट्रॉफिक बाकाला उपचार नेहमीचे. २० ते २५ अंशांपर्यंत लक्ष ठेवायचं. साधारण २५ ते ४० अंशांत आणि उंची वाढायची बाकी असेल तर ब्रेस, म्हणजे अंगाच्या मापाचा कडक पट्टा. त्यापुढे शस्त्रक्रियेचा विचार.

डिस्ट्रॉफिक बाकाला पट्टा रोखू शकत नाही. हे वाक्य पालकांना पचायला जड जातं, कारण पट्टा म्हणजे काहीतरी केल्याचं समाधान असतं आणि शस्त्रक्रिया टळल्यासारखी वाटते. पण कमकुवत, पोखरलेल्या हाडांना बाहेरून दाबून सरळ धरता येत नाही. पट्ट्यात गेलेलं एक वर्ष हे बाक वाढलेलं एक वर्ष ठरतं. म्हणून इथे अनेक शल्यविशारद २० अंशांपलीकडे गेलेला आणि वाढत असलेला डिस्ट्रॉफिक बाक लवकर थांबवण्याच्या बाजूने असतात. साध्या बाकात ज्या कोनावर "अजून थांबू" म्हटलं जातं, त्याच कोनावर इथे "आता करू" म्हणावं लागतं. एकाच शाळेतल्या दोन मुलांना दोन वेगळे सल्ले मिळाले तर त्यात कुणाची चूक नसते.

शस्त्रक्रियेत मणक्यांना स्क्रू बसवून सळ्यांनी बाक शक्य तितका सरळ करतात आणि ते मणके हाडाचे तुकडे घालून एकमेकांना जोडून टाकतात. याला फ्युजन म्हणतात. एनएफ-१ मध्ये हे जास्त कठीण असतं. स्क्रू ज्या हाडात बसवायचा तेच पातळ असतं. नसांच्या जाळीदार गाठी आणि भोवतीच्या रक्तवाहिन्यांमुळे रक्तस्राव जास्त होतो. जोडलेलं हाड कधीकधी जुळतच नाही किंवा विरघळून जातं, मग सळई तुटते. कुबड ५० अंशांहून जास्त असेल तर फक्त मागून जोडून भागत नाही, बऱ्याचदा पुढूनही आधार द्यावा लागतो. आणि जोडल्यावरही बाक वर-खाली सरकू शकतो, म्हणून ऑपरेशन झालं की सुटलो असं होत नाही. तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते.

फार लहान मुलांत आणखी एक अडचण येते. सहा वर्षांच्या मुलाच्या छातीतले मणके जोडून टाकले तर त्याची छाती तेवढीच राहील आणि फुप्फुसांना वाढायला जागा मिळणार नाही. त्यासाठी वाढत्या सळ्या असतात. वर आणि खाली स्क्रू, मध्ये लांब करता येणारी सळई, आणि मूल वाढेल तशी ठरावीक महिन्यांनी छोट्या शस्त्रक्रियेने ती वाढवायची. काही सळ्या बाहेरून चुंबकाने लांब करता येतात, मग दर वेळी चीर द्यावी लागत नाही. एमआरआय पुन्हा पुन्हा लागणार असेल तर मात्र त्या सळ्यांची निवड विचार करून करावी लागते, कारण त्यांच्यामुळे कण्याचं चित्र धूसर येतं. बाक फार तीव्र आणि ताठर असेल तर आधी काही आठवडे डोक्याला कडं लावून हलक्या वजनाने हळूहळू ताण देतात आणि मगच शस्त्रक्रिया करतात.

शस्त्रक्रियेआधी एमआरआय आणि सीटी स्कॅन दोन्ही का लागतात, त्याचं एक कारण ऐकून धक्का बसतो. डिस्ट्रॉफिक बाकात बरगडीचं टोक आपली जागा सोडून मणक्यांमधल्या भोकातून थेट मज्जारज्जूच्या नळीत शिरू शकतं. मुलाला काही त्रास नसतो. पण हे न बघता कणा ओढून सरळ केला तर ती बरगडी मज्जारज्जूत रुतू शकते. म्हणून "एमआरआय कशाला, नुसता बाक तर आहे" असं म्हणणाऱ्या ठिकाणी शस्त्रक्रिया करू नये. शस्त्रक्रिया चालू असताना पायांच्या नसांचे संदेश यंत्रावर सतत बघण्याची सोय, म्हणजे न्यूरोमॉनिटरिंग, आहे का, हेही विचारावं. विचारताना संकोच नको. चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी चिडत नाहीत.

हाडवैद्याकडे नेऊन मणका "बसवून" घेणं, पाठीवर पाय देऊन मालिश करवणं, जोराने मान फिरवणं, यातलं काहीही एनएफ-१ असलेल्या माणसाच्या बाबतीत करू नका. प्रेमापोटी, आजीच्या आग्रहाखातर हे केलं जातं, मला कल्पना आहे. पण आत पातळ झालेली हाडं, सरकलेली बरगडी आणि मज्जारज्जूला चिकटून बसलेली गाठ बाहेरून हाताला कळत नाहीत. व्यायामाने पाठीचे स्नायू बळकट होतात आणि पोहणं, चालणं चांगलंच. पण डिस्ट्रॉफिक बाक व्यायामाने किंवा योगासनांनी सरळ होत नाही.

कण्यातल्या गाठी

एनएफ-१ च्या अनेक मोठ्या माणसांच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधून बाहेर पडणाऱ्या नसांवर गाठी दिसतात. काहींना त्या मानेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंना असतात. काही गाठी डंबेलच्या आकाराच्या: एक गोळा कण्याच्या नळीत, दुसरा बाहेर, आणि दोघांना जोडणारा बारीक भाग भोकात अडकलेला. रिपोर्टमध्ये एवढ्या गाठी वाचून कुटुंब हादरतं. म्हणून हे ठासून सांगायला हवं की यातल्या बऱ्याच गाठी आयुष्यभर काही करत नाहीत. दिसते म्हणून गाठ काढायची नसते. मज्जारज्जूवर दाब आला, हातापायातली ताकद कमी होऊ लागली, तरच शस्त्रक्रिया. आणि ती करताना मणक्यांच्या मागच्या कमानी नुसत्या काढून टाकल्या तर आधीच कमकुवत असलेला कणा पुढे कोसळून कुबड वाढतं. त्यामुळे न्यूरोसर्जन आणि कण्याचे शल्यविशारद यांनी एकत्र बसून योजना करायला हवी.

लहान मुलांत प्लेक्सिफॉर्म नावाच्या, नसांच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या गाठी कण्यालगत असतील तर त्या पूर्ण काढणं बहुधा शक्य नसतं. त्यांच्यासाठी सेल्युमेटिनिब हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यामागच्या ५० मुलांच्या चाचणीत दोन-तृतीयांशाहून जास्त मुलांच्या गाठीचं आकारमान किमान २० टक्क्यांनी घटलं. २०२५ मध्ये मिर्डामेटिनिबला मुलं आणि प्रौढ दोघांसाठी तिथे मंजुरी मिळाली. ही खरोखर आशेची बातमी आहे. पण औषध फार महाग आहे, त्वचेवर पुरळ, नखांभोवती सूज, जुलाब असे त्रास होतात, डोळे आणि हृदय तपासत राहावं लागतं. आणि गाठ आकसली म्हणून वाकलेलं हाड सरळ होत नाही. बाकासाठी वेगळे उपचार लागतातच.

एनएफ-१ असलेल्यांपैकी ८ ते १३ टक्के लोकांमध्ये आयुष्यात कधीतरी नसेच्या गाठीचं कर्करोगात रूपांतर होतं. प्रत्येक गाठीची धास्ती घेऊन जगता येणार नाही, पण काही खुणा ओळखीच्या हव्यात: जुनी गाठ अचानक भराभर वाढणं, मऊ होती ती टणक होणं, रात्री झोपेतून उठवणारं न थांबणारं दुखणं, नव्याने आलेला अशक्तपणा. यातलं काही दिसलं तर आठवडाही थांबू नका.

कण्याच्या बाबतीत तातडीच्या खुणा वेगळ्या. पाय जड पडणं, जिना चढताना अडखळणं, चप्पल पायातून निसटणं आणि ते न कळणं, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं. बारा वर्षांचं मूल अचानक अंथरूण ओलं करू लागलं तर त्याला रागावण्याआधी त्याच्या कण्याचा विचार करा. यासाठी अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते, थेट न्यूरोसर्जरी असलेल्या इस्पितळात जायचं.

नावात साम्य असलेला टाइप २ हा वेगळा आजार आहे. त्याचं जनुक २२व्या गुणसूत्रावर असतं, तो खूपच दुर्मीळ आहे आणि २०२२ पासून त्याला एनएफ२-संबंधित श्वानोमॅटोसिस असं नाव दिलं आहे. त्यात दोन्ही कानांच्या नसांवर गाठी येतात, ऐकू येणं कमी होतं. कण्यात श्वानोमा, मेनिंजिओमा आणि मज्जारज्जूच्या आत एपेंडिमोमा अशा गाठी होतात, पण मणक्यांची हाडं एनएफ-१ सारखी पोखरली जात नाहीत. इंटरनेटवर दोन्हींची माहिती एकत्र वाचून लोक गोंधळतात, म्हणून आपल्या कागदावर १ लिहिलंय की २, हे आधी बघून घ्यावं.

कुठे जायचं आणि सोबत काय न्यायचं

मुलांच्या कण्याच्या शस्त्रक्रिया नेहमी करणारा अस्थिशल्यविशारद, न्यूरोसर्जन, आणि निदान पक्कं करून बाकीच्या तपासण्या बघणारा जनुकतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ, अशा तिघांची गरज असते. तिघं एका छताखाली मोठ्या शहरांतल्या शिक्षण-रुग्णालयांत मिळतात. कोकणातून, विदर्भातून किंवा मराठवाड्यातून येताना एका फेरीत सगळं व्हावं यासाठी आधी फोन करून ओपीडीचे वार विचारून घ्या, कारण कण्याची आणि जनुकशास्त्राची ओपीडी वेगवेगळ्या दिवशी असू शकते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच त्यांना भेटून कुठला भाग योजनेत बसतो आणि स्क्रू-सळ्यांचा खर्च कुणी करायचा हे लेखी विचारा.

सोबत न्यायच्या पिशवीत सगळ्या जुन्या एक्स-रे फिल्म तारखेनुसार लावलेल्या, एमआरआयची सीडी, मुलाच्या उंचीच्या नोंदी, घरी काढलेले पाठीचे फोटो, आणि आई-वडिलांच्या अंगावर डाग आहेत का याची माहिती. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या: बाक डिस्ट्रॉफिक आहे का, मान तपासली का, आणि पुढचा एक्स-रे नेमका कोणत्या महिन्यात काढायचा.